कोकणातून विमानाने आणि पुढे क्रूझने: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

आमच्या कुडाळ तालुक्यात 'बोट' म्हटले की जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर अजून एकच गोष्ट येते. मुंबईचा चाकरमानी आगबोटीने गावी निघायचा आणि मालवण-वेंगुर्ल्यासमोर बोट समुद्रातच उभी राहिली की पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरून किनाऱ्याला लागायचा. माझ्या आईने लहानपणी हा प्रवास केलेला आहे. त्यामुळे तिला आणि वडिलांना सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर न्यायचे ठरले, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "बोट लागली तर?" आणि दुसरा, "पडावात उतरूचा लागतला काय?" मी दोन्ही प्रश्न हसण्यावारी नेले होते. प्रवासात कळले की आमच्या सगळ्या तयारीत तेवढेच दोन प्रश्न नेमके होते.

विमान आणि जहाज असा जोडप्रवास पहिल्यांदा करणाऱ्या कोकणातील कुटुंबांना आमच्यासारखी धावपळ करावी लागू नये म्हणून हा लेख लिहिला आहे. उदाहरणे सिंगापूरच्या क्रूझची आहेत, कारण तो अनुभव माझा स्वतःचा आहे. परंतु पायऱ्यांचा क्रम मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझलाही तसाच लागू पडतो.

१. हिशेब उलटा मांडा

आपण प्रवास नेहमी घरापासून मोजतो: गाडी किती वाजता, मुंबई किती वाजता, विमान किती वाजता. क्रूझसाठी मात्र जहाज सुटण्याच्या वेळेपासून मागे मोजत यावे लागते. गाडी चुकली तर दुसरी मिळते आणि विमान चुकले तर पैसे भरून का होईना, पुढचे मिळते. जहाज एकदा सुटले की ते गाठण्यासाठी स्वखर्चाने पुढच्या बंदराला जावे लागते, तेही त्या देशात आणि त्या बंदरावर चढण्याची परवानगी असली तरच.

आमचाच हिशेब सांगतो. जहाज रविवारी संध्याकाळी ५ वाजता सुटणार होते. जहाजावरचा प्रवेश सुटण्याच्या सुमारे एक ते दीड तास आधी बंद होतो, म्हणून दुपारी १ वाजता बंदरावर पोहोचायचे ठरवले. त्याच दिवशी विमानाने उतरून बंदर गाठणे मला धोक्याचे वाटले, म्हणून शनिवारची रात्र सिंगापुरात काढायची असे ठरले. त्यासाठी शुक्रवारी मध्यरात्रीनंतर मुंबईहून निघणारे विमान घेतले, म्हणजे शुक्रवारी रात्री ९ वाजता विमानतळावर असणे आले. मग कुडाळहून गुरुवारी रात्रीची कोकणकन्या घेतली. ती शुक्रवारी सकाळी सहा तास उशिरा पोहोचली असती तरी आमचे काही बिघडले नसते.

येथे पहिला सापळा आहे. मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुटणाऱ्या विमानाच्या तिकिटावर १२ तारीख असेल, तर आपल्याला ११ तारखेच्या रात्री विमानतळावर असावे लागते. १२ तारखेला रात्री जेवून निवांतपणे निघालेली माणसे मला माहीत आहेत.

पावसाळ्यात हा हिशेब आणखी सैल ठेवावा. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकानुसार गाड्यांचा वेग कमी करते आणि दरड कोसळली तर मार्गच बंद होतो. जुलै २०२४ मध्ये आधी पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरले आणि त्याच आठवड्यात दिवाणखवटीजवळ दरड आली. दोन्ही वेळा वाहतूक कित्येक तास ठप्प होती. जून ते सप्टेंबर या काळात जायचे असल्यास मुंबईत एक पूर्ण दिवस हाताशी ठेवावा. गणपतीच्या मागेपुढे जहाजाची तारीख घेऊच नये, कारण परतीच्या चाकरमान्यांच्या गर्दीत आपल्याला मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायलाही जागा मिळणार नाही. रेल्वेचे आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी सुरू होते, हेही लक्षात असू द्यावे. नोव्हेंबर २०२४ पासून हा बदल झाला आहे.

२. पहिली क्रूझ कुठून घ्यावी

मुंबईहून गोवा, कोची किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझ बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवरून सुटतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हे ठिकाण टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. देशांतर्गत फेरी असल्यास विमानाची गरज नाही, व्हिसाही लागत नाही आणि बहुतेक वेळा आधार कार्डासारखे सरकारी ओळखपत्र पुरते. लक्षद्वीपच्या बेटांवर उतरण्यासाठी परवाना लागतो, तो कोण काढणार हे बुकिंग करतानाच विचारून घ्यावे. ज्यांना समुद्र सोसेल की नाही याचीच शंका आहे, त्यांनी दोन-तीन रात्रींची मुंबई-गोवा फेरी आधी करून पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र ऋतू आपणच सांभाळला पाहिजे. अरबी समुद्राचा पावसाळ्यातील अवतार कोकणी माणसाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. पण मे आणि जूनचा आरंभही भरवशाचा नसतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि मे २०२१ मध्ये तौक्ते आपल्या किनाऱ्याला घासून गुजरातेत गेले. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत शांत असतो.

सिंगापूरहून मलेशिया आणि थायलंडकडे जाणाऱ्या फेऱ्या मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातात. तिच्या एका बाजूला सुमात्रा बेटाची भिंत असल्याने तेथे मोठ्या लाटा सहसा उठत नाहीत. वयस्कर माणसे बरोबर असल्याने आम्ही हाच मार्ग निवडला.

३. कागदपत्रे: बुकिंगच्या आधी, नंतर नव्हे

तिकीट काढण्यापूर्वी घरातील प्रत्येकाचा पासपोर्ट टेबलावर ठेवून तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे मुदत: परतीच्या तारखेनंतरही किमान सहा महिने शिल्लक हवेत. मोठ्यांचा पासपोर्ट १० वर्षे चालतो. लहान मुलांचा मात्र ५ वर्षांतच संपतो आणि हे हमखास विसरले जाते. दुसरी म्हणजे कोरी पाने: निदान दोन तरी असावीत. तिसरी आणि आपल्याकडे सर्वाधिक घोळ घालणारी गोष्ट म्हणजे नाव.

आमच्या आईच्या आधार कार्डावर सासरचे नाव आहे, पॅन कार्डावर मधले नाव गळलेले आहे आणि बँकेच्या पासबुकावर गावाचे नाव आडनाव म्हणून लागले आहे. पासपोर्टसाठी ही सगळी कागदपत्रे एका नावावर आणण्यात आमचे जवळजवळ चार महिने गेले. विमानाचे तिकीट, व्हिसा आणि क्रूझचे बुकिंग या तिन्हींवर नाव पासपोर्टप्रमाणेच, अक्षरशः तसेच, हवे. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल आणि पूर्ण नाव एकाच ओळीत असेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्यावे, कारण संयुक्त अरब अमिरातीसारखे काही देश एकशब्दी नावाच्या प्रवाशाला प्रवेश देत नाहीत. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे आणि तत्काळसाठी आणखी २,००० रुपये लागतात. एजंटाने याहून फार मोठी रक्कम सांगितली तर सरकारी संकेतस्थळावर स्वतः अर्ज करावा.

व्हिसाच्या बाबतीत क्रूझचा एक वेगळाच सापळा आहे. सिंगापुरात विमानाने उतरलात, दुसऱ्या दिवशी जहाजाने निघालात आणि चार दिवसांनी त्याच बंदरावर परत आलात, तर कायद्याच्या दृष्टीने आपण देश सोडून पुन्हा देशात शिरलेले असता. म्हणून व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे का, ते त्यावर वाचून खात्री करावी. सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटांमार्फत निघतो; फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा लागतो. मार्गावरील प्रत्येक देशाचा नियम वेगळा असतो आणि तो बदलत राहतो. एखाद्या बंदरावर आपण उतरणार नसलो, तरी तेथील व्हिसाची अट पूर्ण न करणाऱ्या प्रवाशाला जहाज मुळात चढूच देत नाही, असे होऊ शकते.

सिंगापूरसाठी आगमनाच्या आधी तीन दिवसांच्या आत एक ऑनलाइन अर्ज भरावा लागतो, त्याला एसजी अरायव्हल कार्ड म्हणतात. तो विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नाही, एवढे ओळखावे. जहाजाने परत येतानाही तो पुन्हा भरायचा असतो; जहाजावर इंटरनेट महाग असल्याने हे काम आधीच्या बंदरावर उरकून घ्यावे.

बरोबर ठेवायची कागदपत्रे अशी:

- पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या व शेवटच्या पानांच्या दोन छायाप्रती
- व्हिसाची छापील प्रत
- जाण्यायेण्याची विमानाची तिकिटे व हॉटेलचे बुकिंग
- क्रूझचा बोर्डिंग पास आणि सामानाला लावायच्या चिठ्ठ्या
- प्रवास विम्याची पॉलिसी, ज्यात समुद्रावरील आजारपण आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च यांचा स्पष्ट उल्लेख आहे
- डॉक्टरांचे औषधपत्र, औषधांच्या मूळ नावांसह
- मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्या पालकाचे संमतिपत्र

हे सारे मोबाइलमध्ये असले तरी कागदावरही हवे. आमचा मोबाइल बंदराच्या रांगेतच बंद पडला होता.

४. कोणता विमानतळ, कोणते टर्मिनल

पूर्वी कोकणातून विमान म्हणजे मुंबई, एवढेच उत्तर होते. आता पर्याय वाढले आहेत आणि त्याबरोबर चुकाही. गोव्यात दोन विमानतळ आहेत: जुने दाबोळी, ज्याची खूण जीओआय आहे, आणि जानेवारी २०२३ पासून सुरू झालेले मोपा, ज्याची खूण जीओएक्स आहे. सावंतवाडी-कुडाळच्या माणसाला मोपा जवळ पडते. दाबोळीसाठी पणजी ओलांडून आणखी पुढे जावे लागते. सिंधुदुर्गात चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, परंतु तेथील सेवा वेळोवेळी बदलत आली आहे, म्हणून जहाजासारख्या न थांबणाऱ्या गोष्टीचा भार त्या एकाच विमानावर टाकू नये.

मुंबईतही आता तेच झाले आहे. उलव्याचा नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवाशांसाठी खुला झाला. पनवेलला उतरणाऱ्या रत्नागिरी-रायगडच्या प्रवाशाला तो सोयीचा आहे, मात्र तिकिटावर एनएमआय (नवी मुंबई) लिहिले आहे की बीओएम (मुंबई), हे दोनदा वाचावे. येताना एका विमानतळावर आणि पुढे दुसऱ्यावरून, अशी तिकिटे स्वस्त दिसली तरी मधल्या रस्त्यावर अर्धा दिवस जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट जोडतिकिटाची. गोवा-मुंबई आणि मुंबई-सिंगापूर ही दोन तिकिटे स्वतंत्रपणे काढली, तर पहिले विमान उशिरा पोहोचल्यावर दुसऱ्या कंपनीवर आपली कोणतीही जबाबदारी राहत नाही. सामानही मुंबईत उतरवून पुन्हा द्यावे लागते. दोन्ही प्रवास एकाच पीएनआर क्रमांकावर असतील, तर पुढची व्यवस्था कंपनी लावते. आमच्या एजंटाने परतीची तिकिटे चारशे-पाचशे रुपये वाचवण्यासाठी तोडून काढली होती, हे आम्हाला मुंबईच्या सामानपट्ट्यापाशी कळले. शेवटी गोव्याचे विमान सोडून देऊन आम्ही रात्रीच्या गाडीने, राखीव नसलेल्या डब्यातून, कुडाळ गाठले.

५. केबिन आणि खरा खर्च

जाहिरातीतील दर हा 'प्रति व्यक्ती, दोघे एका केबिनमध्ये' असा असतो. एकटा प्रवासी जवळजवळ दोघांचे पैसे भरतो. त्या दरात बंदरशुल्क, कर आणि कर्मचाऱ्यांची रोजची बक्षिसी धरलेली असतेच असे नाही. म्हणून बुकिंग करणाऱ्याकडून एकच आकडा लेखी मागावा: घर सोडल्यापासून जहाजावरून उतरेपर्यंत सक्तीचे किती. मद्य, शीतपेये, इंटरनेट, खास उपाहारगृहे आणि बंदरावरील सहली यांचे पैसे त्याहून वेगळे असतात. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेला प्राप्तिकर, कापला जातो. ती रक्कम प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवून परत मिळवता येते, म्हणून पॅन क्रमांक बरोबर दिला आहे का ते पाहावे.

केबिन खिडकीविना, खिडकीची आणि बाल्कनीची अशा चढत्या दराने मिळते. बाल्कनीचा मोह प्रत्येकाला होतो. ज्याला बोट लागते त्याने मात्र तो आवरून जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी. फळीवर झोका घेताना टोकाचा माणूस जास्त हलतो आणि मधला कमी, तोच न्याय येथे आहे.

गर्भवती स्त्रियांना साधारणपणे २४ आठवड्यांनंतर क्रूझवर घेत नाहीत, तसेच सहा महिन्यांखालील बाळालाही. लांब समुद्रफेऱ्यांसाठी बाळाची वयोमर्यादा आणखी वाढते.

६. सामान: काय न्यावे आणि विशेषतः काय नेऊ नये

विमानात हातातील पिशवीला साधारण ७ किलोंची आणि देशांतर्गत इकॉनॉमीत मोठ्या बॅगेला १५ किलोंची मर्यादा असते. परदेशी विमानात ती अधिक असते. गोवा किंवा चिपीहून देशांतर्गत विमानाने निघून मुंबईला विमान बदलणाऱ्याने दोन्हींतील कमी आकडा धरून बॅग भरावी. घरी वजनकाटा नसेल तर किराणा दुकानदाराकडे जावे, तो नाही म्हणत नाही.

पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नये, ती हातातच ठेवावी लागते. १०० वॅट-तासांपर्यंतची विनाअडचण चालते. आंतरराष्ट्रीय विमानात हातातील पिशवीत कोणताही द्रव १०० मिलिलिटरच्या बाटलीतच न्यावा आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत बसल्या पाहिजेत. कोकणी घराला खरी झळ येथे बसते, कारण तूप, लोणचे, कोकमाचे आगळ आणि सोलकढी हे सगळे तपासनिसाच्या लेखी द्रवच आहे. आमच्या आगळाची बाटली सुरक्षा तपासणीच्या टेबलावरून थेट कचऱ्याच्या डब्यात गेली, आणि आई पुढचे दोन दिवस त्या डब्याविषयीच बोलत होती.

सुक्या खोबऱ्याचे तर कुणाच्या ध्यानीमनीही नसते. त्यातील तेलामुळे ते साठ्यात आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमान वाहतुकीत त्याची गणना धोकादायक मालात होते आणि मोठ्या बॅगेत ते चालत नाही. खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवाव्यात.

याहून गंभीर गोष्ट मसाल्याची आहे. घरच्या मालवणी मसाल्यात पुष्कळदा खसखस असते. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिराती या दोन्ही ठिकाणी खसखस निषिद्ध आहे आणि तेथे तिचा संबंध थेट अमली पदार्थांच्या कायद्याशी लागतो. मसाल्याची पुडी कितीही मायेने बांधून दिलेली असली तरी ती बॅगेतून काढून ठेवावी. सिंगापुरात खाण्याचा तंबाखू, गुटखा, ई-सिगारेट आणि च्युइंगम यांवरही बंदी आहे. कमरेला तंबाखूची चंची असणाऱ्या काकांना हे घरीच, आठ दिवस आधी सांगावे. विमानतळावर सांगून उपयोग नसतो.

कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि काही झोपेच्या गोळ्या यांसाठी सिंगापुरात पूर्वपरवानगी लागते. मधुमेह आणि रक्तदाबाची रोजची औषधे पूर्ण प्रवासाला पुरून चार दिवस उरतील एवढी, मूळ पाकिटात आणि हातातील पिशवीतच ठेवावीत. इन्सुलिन मोठ्या बॅगेत कधीही टाकू नये.

जहाजावर इस्त्री, विजेची किटली, पाणी तापवायची कांडी, मेणबत्ती आणि उदबत्ती चालत नाही, कारण समुद्रात आगीइतके भय दुसऱ्या कशाचे नसते. सकाळच्या चहासाठी किटली नेणाऱ्यांची किटली बंदरावरच जमा होते आणि उतरताना परत मिळते. भाजलेले काजू, चिवडा, खाकरे असे कोरडे व बंद पाकिटातील खाणे सहसा नेऊ देतात. शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असेल तर ते बुकिंगच्या वेळीच कळवावे.

अंगावरच्या दागिन्यांबद्दल एक सूचना. बायकांच्या अंगावर पाटल्या, मंगळसूत्र असे मोलाचे सोने असेल, तर जाताना विमानतळावरील सीमाशुल्क कक्षातून त्याचे निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना ते परदेशात विकत घेतलेले नाही हे सिद्ध करता येते. दागिन्यांचे बिल किंवा मूल्यांकन बरोबर असल्यास काम लवकर होते. त्याहून सोपे म्हणजे सोने घरीच ठेवणे, पण हा सल्ला आमच्या घरी कुणी ऐकला नाही.

७. विमानतळावर

वेब चेक-इन आदल्या दिवशी करावे. देशांतर्गत विमानासाठी दोन आणि परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोहोचावे. काउंटर विमान सुटण्याच्या सुमारे एक तास आधी बंद होतो आणि त्यानंतर विनवणीचा उपयोग होत नाही. परदेशी प्रवासाचा क्रम असा असतो: सामान देणे, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी, मग गेट. चालायला त्रास होणाऱ्यांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवावी. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही, मोठ्या विमानतळावर गेटपर्यंत एक किलोमीटरही चालावे लागते. पेसमेकर असलेल्यांनी तसे कार्ड दाखवून सुरक्षा कर्मचाऱ्याला आधी सांगावे.

८. बंदरावर

सिंगापुरात क्रूझची दोन टर्मिनल आहेत, एक मरीना बे क्रूझ सेंटर आणि दुसरे हार्बरफ्रंटचे सिंगापूर क्रूझ सेंटर. टॅक्सीवाल्याला नुसते 'क्रूझ' सांगितले तर तो आपल्याला दुसरीकडेच सोडू शकतो. बोर्डिंग पासवरील नाव दाखवावे.

दारातच मोठ्या बॅगा हमाल घेतो आणि त्या काही तासांनी, कधीकधी रात्रीच्या जेवणापर्यंत, केबिनबाहेर येतात. म्हणून पासपोर्ट, औषधे, चष्मा, पैसे आणि एक जोड कपडे हातातच ठेवावेत. बॅगेला लावायची चिठ्ठी घरूनच छापून, पारदर्शक चिकटपट्टीत गुंडाळून नेल्यास पावसात ती फाटत नाही. मग फोटो काढतात आणि एक कार्ड देतात. तेच कार्ड केबिनची किल्ली, ओळखपत्र आणि पाकीट अशी तिन्ही कामे करते. काही जहाजांवर पासपोर्ट ठेवून घेतात. त्याची पावती घ्यावी.

जहाजावर रोख चालत नाही. सर्व खर्च कार्डाच्या खात्यावर चढतो आणि शेवटी आपल्या क्रेडिट कार्डावर येतो. आपल्याकडील कार्डे परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंद असतात, ती बँकेच्या ॲपमधून चालू करून घ्यावीत. डेबिट कार्ड दिल्यास अनामत म्हणून बरीच रक्कम कित्येक दिवस अडकून राहते.

९. जहाजावरचा पहिला दिवस

चढल्यावर पहिले काम मस्टर ड्रिलचे, म्हणजे संकटसमयी कुठे जमायचे याच्या कवायतीचे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळले, तेव्हा त्या दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर नियम बदलला आणि आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी ही कवायत होते. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली रामदास बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. ती आठवण ज्या किनाऱ्यावर अजून निघते, तेथील माणसाने तरी ही अर्ध्या तासाची कवायत टाळू नये.

आता आईचा पहिला प्रश्न, बोट लागण्याचा. ज्यांना आंबोली किंवा भुईबावडा घाटात एसटी लागते, त्यांना जहाजही लागू शकते. घाटासाठी आपल्याकडे घराघरात असणारी अव्होमिनची गोळी येथेही चालते, परंतु ती मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची असते, नंतर नव्हे. तिने झोप येते आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. पोट रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. केबिनमध्ये पडून राहण्यापेक्षा मोकळ्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहत बसावे. आई आल्याची वडी तोंडात धरून पहिल्या रात्री दोन तास अशी बसली आणि मग सरळ जेवायला गेली.

मोबाइल लगेच फ्लाइट मोडवर टाकावा. समुद्रात गेल्यावर तो जहाजाचे उपग्रहावरील नेटवर्क आपोआप पकडतो, ज्याचा दर साध्या रोमिंगच्या कितीतरी पट असतो. गावाहून आलेला एक 'पोचलात काय?' हा फोन आम्हाला जहाजावरच्या एका जेवणाएवढा महाग पडला.

१०. बंदरावर उतरताना

घड्याळ हा येथला मोठा सापळा आहे. सिंगापूर आणि मलेशिया भारताच्या अडीच तास पुढे आहेत, थायलंड मात्र दीडच तास. फुकेतला उतरल्यावर मोबाइल आपोआप एक तास मागे जातो, जहाजाचे घड्याळ मात्र बदललेले असेलच असे नाही. जहाज ५ वाजता सुटणार म्हणजे कोणत्या घड्याळाने, हे शिडी उतरण्यापूर्वी दारावरील फलकावर पाहावे आणि हातावरचे साधे घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवावे. आम्ही परतीच्या वेळेआधी दीड तास बंदरात असण्याचा नेम केला होता.

कंपनीच्या सहलीने गेलात आणि बसला उशीर झाला, तर जहाज बहुधा थांबते. स्वतः टॅक्सी करून गेलात तर थांबत नाही. खर्च वाचतो म्हणून टॅक्सी करण्यास माझी हरकत नाही, परंतु ती बंदराजवळच्या ठिकाणांपुरतीच करावी.

काही बंदरांत धक्क्याला पुरेसे पाणी नसते. तेथे मोठे जहाज नांगर टाकून समुद्रात उभे राहते आणि लहान बोटीतून, ज्यांना टेंडर म्हणतात, प्रवाशांना किनाऱ्यावर नेतात. फुकेतला आमचे असेच झाले. खालच्या दारातून बोट दिसताच आई म्हणाली, "ह्यो पडावच!" आणि पुढच्या सूचना आम्हाला तिनेच दिल्या: हात मोकळे ठेवायचे, बोट लाटेबरोबर वर आली की पाय टाकायचा, ती खाली जात असताना कधीही नाही, आणि खलाशाने पुढे केलेला हात बोटांनी न धरता मनगटाशी धरायचा. जहाजावरच्या कर्मचाऱ्यानेही नेमके हेच सांगितले. साडी नेसणाऱ्यांनी त्या दिवशी सलवार-कमीज घातलेले बरे. गुडघ्याचे दुखणे फार असेल किंवा समुद्र खवळलेला असेल, तर जहाजावरच थांबावे.

११. शेवटची रात्र आणि परतीचा दिवस

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून, साधारण मध्यरात्रीपूर्वी, केबिनबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी त्या टर्मिनलमध्ये मिळतात. दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे, चपला आणि औषधे आधी बाजूला काढावीत आणि मगच बॅग बंद करावी. आमच्या वडिलांनी शिस्तीने सगळे भरले, बॅग दाराबाहेर ठेवली आणि सकाळी अंगावर उरला तो पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि बनियन. जहाजाच्या दुकानातून डॉलरमध्ये घेतलेला तो बर्म्युडा ते आता पावसात सुपारीच्या बागेत घालतात.

रात्रीच खात्याचा तपशील मागवून प्रत्येक नोंद तपासावी. सकाळी हिशेबाच्या खिडकीवर लांब रांग असते आणि उतरल्यानंतर दुरुस्ती करून घेणे कठीण जाते.

जहाज सकाळी ७ वाजता धक्क्याला लागले तरी बाहेर पडेपर्यंत ९ ते १० वाजतात, म्हणून परतीचे विमान दुपारी २ नंतरचे घ्यावे. मुंबईत उतरून इमिग्रेशन, सामान आणि सीमाशुल्क उरकायला दोन तास धरावेत आणि दागिन्यांचे प्रमाणपत्र हाताशी ठेवावे. रात्री उशिरा उतरणाऱ्या विमानाला जोडून पहाटेची कोकणची गाडी पकडण्याचा खटाटोप करू नये. दुसऱ्या दिवशीची गाडी घ्यावी आणि ते आरक्षणही जाण्याच्या तिकिटासारखेच, त्या गाडीच्या तारखेच्या ६० दिवस आधी सकाळी ८ वाजताच करून टाकावे.